सुकाणूं यंत्राच्या हातीं

रात्रीच्या वेळीं देशावरच्या सडकेनें माल घेऊन जाणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा एके काळीं सर्वांच्या परिचयाच्या होत्या. गाडीवान घोंगडी पांघरून खुशाल झोंपलेला असे, कासरा सैल पडलेला असे, आणि बैल आपल्या चालीनें चालत असत. गाडी सहसा खड्ड्यांत जात नसे. समोरून दुसरी गाडी आली तर बैल आपण होऊन कडेला सरत. ओढ्याला पाणी चढलेलें असलें तर कांठावर थबकत. गाडीवानाची झोंप बैलांच्या डोळ्यांवर उभारलेली होती, हें त्याच्या कधीं ध्यानांत आलें नसेल. परंतु तें खरें होतें.

समुद्रावर दूरचा प्रवास करणाऱ्या बहुतेक सर्व नौकांवर आज अशीच एक सोय असते. सुकाणूच्या चाकापाशीं माणूस नसतो. चाक आपोआप किंचित् डावीकडे, किंचित् उजवीकडे फिरतें, आणि नौका ठरवून दिलेल्या रोखानें तासन्तास चालत राहते. हें काम करणाऱ्या यंत्राला ऑटोपायलट म्हणतात. गाडीवानाप्रमाणें येथेंही माणसाला डुलकी घेण्याचा मोह होतो. फरक इतकाच कीं, या गाडीच्या बैलांना डोळे नाहींत.

या यंत्राचा जन्म मोठ्या जहाजांवर झाला. १९२० नंतरच्या थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील एल्मर स्पेरी यानें फिरत्या भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या होकायंत्राला सुकाणूं जोडून दिलें, आणि खलाशांनीं या न बोलणाऱ्या, न जेवणाऱ्या सोबत्याला ‘मेटल माइक’ असें नांव ठेवलें. त्याच सुमारास, १९२२ सालीं, निकोलस मिनोर्स्की या रशियांतून अमेरिकेंत येऊन राहिलेल्या इंजिनिअरानें एक निबंध प्रसिद्ध केला. सुकाणूं धरणारा कसलेला खलाशी नेमकें काय करतो, हा त्याच्या चिंतनाचा विषय होता. नवशिका माणूस जहाज किती ढळलें एवढेंच पाहतो आणि त्या मानानें चाक फिरवितो; त्यामुळें जहाज झोपाळ्यासारखें इकडून तिकडे झुलत राहतें. कसलेला माणूस तीन गोष्टींचा हिशेब एकाच वेळीं करीत असतो. रोख किती ढळला आहे, तो किती वेगानें ढळत आहे, आणि बराच वेळ एकाच अंगाला ढळत राहण्याची आज जहाजाची प्रवृत्ति आहे काय. दुसऱ्या हिशेबामुळें जहाज सरळ होण्यापूर्वींच तो चाक उलटें फिरवूं लागतो. तिसऱ्यामुळें एका बाजूनें सतत वारा लागत असला तर चाक थोडेंसें दाबूनच धरतो. मिनोर्स्कीनें हीं तीन अंगें गणितांत बसविलीं, आणि ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकन युद्धनौकेवर त्याच्या योजनेची परीक्षाही झाली. आज कारखान्यांतील भट्ट्यांची उष्णता सारखी राखण्यासाठींही याच तीन अंगांचें गणित वापरतात. त्याचें मूळ खलाशाच्या मनगटांत आहे, हें भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसतें.

लहान शिडाच्या बोटीवर हीच योजना आटोपशीर रूपांत असते. एक विद्युत् होकायंत्र, एक छोटा संगणक, आणि सुकाणूचा दांडा ढकलणारा व ओढणारा एक विजेचा हात. बटण दाबलें कीं त्या क्षणीं बोटीचा जो रोख असेल तो यंत्र धरून ठेवतें. शिडें नीट जुळवून न घेतां दांडा त्याच्या स्वाधीन केला तर मात्र तें रात्रभर बोटीशीं झगडत बसतें. माणसाच्या हाताला जी बोट जड लागते ती यंत्राच्या हातालाही जडच लागते. माणूस कुरकुरतो, यंत्र मुकाट्यानें वीज खातें. मग पहाटेच्या सुमारास बॅटरी उतरते, आणि सुकाणूबरोबर नौकेचे दिवेही मंदावतात. अंधारांत दुसऱ्या जहाजांना आपली जागा दाखविणारे ते दिवे असतात.

होकायंत्राची आणखी एक नाजूक बाजू आहे. यंत्राचें होकायंत्र बहुधा एखाद्या कपाटाच्या आंत, कोणाच्या दृष्टीस न पडेल अशा जागीं बसविलेलें असतें. त्या कपाटांत कोणी हत्यारांची लोखंडी पेटी ठेवली, किंवा ध्वनिक्षेपक टेकवून ठेवला, तर त्यांतील लोखंडानें वा चुंबकानें होकायंत्राची दिशा कांहीं अंशांनीं फिरते. यंत्राला वाटतें बोटच फिरली. तें तत्परतेनें तिला ‘सरळ’ करतें, म्हणजे वांकडी करतें. दर्यावर्दी लोकांचा एक सोपा हिशेब आहे: एका अंशाची चूक साठ मैलांच्या प्रवासांत एक मैलाची होते. पांच अंश म्हणजे पांच मैल. खडकाळ किनाऱ्यावर तेवढें पुरेसें आहे. म्हणूनच चाकासमोरच्या साध्या, काटा तरंगणाऱ्या होकायंत्राकडे अधूनमधून पाहून दोघांचें पटतें आहे ना, हें पडताळण्याची रीत शहाण्या तांडेलांनीं अजून सोडलेली नाहीं.

परंतु होकायंत्र अगदीं बिनचूक असलें, शिडें जुळलेलीं असलीं, आणि बॅटरी भरलेली असली, तरीही एक गोष्ट उरते; आणि या विषयांतील बहुतेक अपघातांचें बीज तिच्यांत आहे. ऑटोपायलटला मुळांत एवढेंच ठाऊक असतें कीं नौकेची नाळ कोणत्या दिशेला आहे. नौका कोठें आहे, हें त्याला ठाऊक नसतें. जमिनीवर या दोन गोष्टी जवळजवळ एकच असतात, कारण रस्ता आपल्या जागेवरून हलत नाहीं. समुद्रावर रस्ताच वाहत असतो. ताशीं पांच सागरी मैलांच्या गतीनें एक बोट सरळ उत्तरेस निघाली आहे, आणि पश्चिमेकडून पूर्वेस ताशीं एक मैल वेगाचा प्रवाह आहे, असें धरूं. सहा तासांत बोट तीस मैल उत्तरेस गेलेली असेल, आणि त्याबरोबरच सहा मैल पूर्वेसही. त्या सहा तासांत होकायंत्राचा काटा रेसभरही ढळलेला नसतो, यंत्राचा हात एकदांही चुकलेला नसतो, आणि पूर्वेस पांच मैलांवर किनारा असला तर बोट तासाभरापूर्वींच फुटलेली असते.

यावर उपाय निघाला. उपग्रहांच्या संदेशांवरून पृथ्वीवरील स्थान सांगणारी जी.पी.एस. योजना ऑटोपायलटला जोडतां येते. मग यंत्र नुसता रोख धरीत नाहीं. नकाशावर आंखून दिलेल्या रेषेपासून नौका किती बाजूला गेली हें पाहून तें प्रवाहाविरुद्ध नाळ थोडी वळवितें आणि नौकेला रेषेवर ठेवतें. ही सोय खरोखर मोलाची आहे. परंतु रेषा आंखणारा माणूसच असतो. दोन बिंदूंमध्यें रेषा ओढतांना मधें एखादा बुडीत खडक येतो कीं काय, हें मोठ्या प्रमाणावरच्या नकाशावर पाहिलें नाहीं, तर यंत्र त्या खडकावरूनही सरळ जाण्याचा प्रयत्न करतें. धोका दाखविणारे तरते बोये हेच मार्गबिंदु म्हणून निवडण्याची कित्येकांना खोड असते. पूर्वीं स्थानाचा अंदाज शेंदोनशें हात इकडेतिकडे असे, म्हणून तें खपून जाई. आजचें यंत्र इतकें अचूक आहे कीं तें बोटीला थेट बोयावर नेऊन आदळवितें. त्याच बोयाचा बिंदु धरून उलट दिशेनें येणारी दुसरी बोट असेल तर दोघीही एकाच रेषेवर, समोरासमोर येतात. अचूकपणाचा असाही त्रास होऊं शकतो, हें गमतीचें वाटतें. बोटीवर असणाऱ्याला वाटत नाहीं.

आतां एका मोठ्या जहाजाची हकीकत पाहण्यासारखी आहे. ‘रॉयल मॅजेस्टी’ हें प्रवासी जहाज ९ जून १९९५ रोजीं दुपारीं बाराच्या सुमारास बर्म्युडा बेटांतील सेंट जॉर्जेस बंदरांतून अमेरिकेच्या बोस्टन बंदराकडे निघालें. जहाजावर १,५०९ माणसें होतीं. सुकाणूं ऑटोपायलटच्या हातीं होतें. ऑटोपायलटला स्थान पुरविण्याचें काम जी.पी.एस. यंत्राकडे होतें. निघण्यापूर्वीं सर्व उपकरणें तपासलीं गेलीं होतीं आणि तीं ठीक होतीं.

बंदर सोडून तासही झाला नसेल, तोंच जी.पी.एस.च्या आकाशाकडील तारेचा सांधा निसटला. यंत्राला उपग्रहांचे संदेश येईनासे झाले. अशा वेळीं काय करावयाचें हें यंत्राच्या रचनाकारांनीं ठरवून ठेवलेलें होतें: संदेश बंद झाले कीं यंत्रानें जहाजाचा वेग आणि रोख यांवरून पुढच्या स्थानाचा अंदाज करीत राहावें. दर्यावर्दींची ही शतकानुशतकांची रीत आहे, आणि तींत गैर कांहींच नाहीं. मात्र या रीतींत वारा व प्रवाह यांचा हिशेब धरलेला नसतो. आपण आतां पाहून सांगत नसून अंदाजानें सांगत आहों, हें यंत्रानें कळविलेंही. क्षणभर एक बारीकसा आवाज झाला, आणि पडद्यावर एका कोपऱ्यांत दोन-तीन लहान अक्षरें उमटलीं. तीं कोणी पाहिलीं नाहींत. ऑटोपायलटला तर हा बदल कळण्याची सोयच नव्हती. त्याच्या दृष्टीनें आकडे पूर्वींसारखेच येत होते.

वारा पूर्व-ईशान्येकडून वाहत होता, आणि जहाज हळूहळू पश्चिमेकडे सरकत होतें. पहारे बदलत गेले. प्रत्येक अधिकारी ठराविक वेळानें जी.पी.एस.च्या पडद्यावरील आकडे घेऊन नकाशावर खूण करी, आणि खूण दर वेळीं बरोबर रेषेवर पडे. पडणारच होती. यंत्रानें रेषेवरूनच अंदाज केलेला, आणि त्या अंदाजानेंच जहाज हांकलें जात होतें. साक्षीदार आणि आरोपी एकच होता. जहाजावर लोरान नांवाचें दुसरें एक स्थानदर्शक यंत्र होतें, तें किनाऱ्यावरील रेडिओ-केंद्रांवरून स्थान सांगत असे, आणि तें त्या वेळीं खरें स्थान दाखवीत होतें. त्याचे आकडे पहिल्या यंत्राशीं ताडून पाहिले गेले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं, १० जूनला, संध्याकाळीं पावणेसातच्या सुमारास मुख्य अधिकाऱ्याला रडारवर एक खूण दिसली. बोस्टनच्या मार्गाच्या तोंडाशीं असणारा बोया याच वेळीं, याच बाजूला दिसावयाचा होता. समुद्रावर मावळत्या उन्हाची तिरीप होती, त्यामुळें डोळ्यांनीं कांहीं दिसेना. पण रडारच्या पडद्यावर ती खूण नकाशांतील बोयाच्या चिन्हावर बरोबर बसली, तेव्हां हाच तो, असें त्यानें मानलें. वास्तविक तो दुसराच बोया होता, एका बुडालेल्या जहाजाची जागा दाखविणारा. खरा बोया पंधराएक मैल दूर होता. दैवानें एवढा जुळता पुरावा आणून द्यावा, हें त्या अधिकाऱ्याचें दुर्दैव खरें. परंतु जें दिसावें अशी अपेक्षा असते तेंच दिसलें असें मनुष्य लवकर मानतो, हेंही तितकेंच खरें.

आठ वाजतां पहारा बदलला. त्यानंतर टेहळणीवरील माणसानें पिवळा दिवा दिसल्याचें सांगितलें. मग उंचावर तांबडे दिवे दिसल्याचेंही कळविलें. खुल्या समुद्रांत असे उंच तांबडे दिवे कोठून येणार? ते नॅनटकेट बेटावरचे होते. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यानें तें ऐकून घेतलें आणि पडद्याकडे पाहिलें. पडद्यावर जहाज रेषेवरच होतें. जवळपासच्या मासेमारी बोटींवरून रेडिओवर एका प्रवासी जहाजाला हांक मारली जात होती. तिला उत्तर गेलें नाहीं. पुढचा बोया दिसला काय, असें कप्तानानें विचारलें, तेव्हां अधिकाऱ्यानें होय म्हणून सांगितलें. तो दिसलेला नव्हता. आपण मार्गावर आहों याची त्याला इतकी खात्री होती कीं, बोया न दिसणें हा रडारचा दोष असावा असें त्यानें मनाशीं ठरविलें. पाण्याची खोली मोजणारें यंत्र चालूं होतें, पण त्याची धोक्याची सूचना शून्य मीटरवर लावलेली होती. म्हणजे तळ लागल्यावर ती मिळाली असती. सव्वादहानंतर टेहळ्यानें समोर निळें-पांढरें पाणी फुटत असल्याचें ओरडून सांगितलें. जहाजानें एकाएकीं झोला खाल्ला. अधिकाऱ्यानें सुकाणूं हातीं घेतलें, कप्तान धांवत आला, आणि दहा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास ‘रॉयल मॅजेस्टी’ रोज अँड क्राउन नांवाच्या वाळूच्या उथळ पट्टीवर जाऊन बसलें. आपण जेथें आहों असें ब्रिजवर मानलें जात होतें, तेथून ती जागा सतरा मैल पश्चिमेस होती.

कोणी दगावलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं रात्रीं टगबोटींनीं ओढून जहाज मोकळें केलें. तळाशीं वाळू होती, खडक नव्हता, हें सुदैव. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें या प्रकरणाची चौकशी केली आणि १९९७ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांनीं स्वयंचलित उपकरणांवर वाजवीपेक्षां अधिक विसंबून राहिल्याबद्दल त्यांत ठपका होता. त्याबरोबर अपुरें शिक्षण, उपकरणांची सदोष रचना आणि खरा धोका न ओरडणारी सूचनेची पद्धति यांचाही उल्लेख होता. दोष एकट्या माणसाचा नव्हता, हें मंडळाचें म्हणणें न्यायाचें आहे. चौतीस तास एखादें यंत्र ‘सर्व ठीक आहे’ असें सांगत राहिलें, तर पस्तिसाव्या तासाला त्याच्यावर अविश्वास दाखविण्यास फार कणखर मन लागतें.

या हकीकतींतून जाणत्या नाविकांनीं एक व्यवहाराची गोष्ट उचलली. पडताळा घ्यावयाचा तो दुसऱ्या वाटेनें. जी.पी.एस.चे आकडे तीनदां लिहून काढणें हा पडताळा नव्हे. दीपगृहाची होकायंत्रावरून दिशा घेणें, खोलीचा आकडा नकाशांतील आंकड्याशीं जुळविणें, रडारवर दोन ओळखीच्या टोकांचें अंतर मोजणें, हा खरा पडताळा. कारण या साधनांना उपग्रहांची तार तुटल्याचें सोयर ना सुतक. लहान बोटीवर तर नुसतें खोलीचें यंत्रही मोठें काम करतें. नकाशा तीस मीटर म्हणत आहे आणि यंत्र बारा दाखवीत आहे, एवढें दिसलें कीं चहाचा पेला खालीं ठेवून सुकाणूं हातांत घ्यावें.

ऑटोपायलटनें हात मोकळे होतात. डोळे मात्र होत नाहींत. समुद्रावरील टकरी टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालीं ठरले, त्यांतील पांचवा नियम प्रत्येक नौकेनें सर्व वेळीं डोळ्यांनीं, कानांनीं व उपलब्ध असेल त्या प्रत्येक साधनानें टेहळणी ठेवावी असें सांगतो. त्यांत यंत्र असलेल्या नौकेला सूट नाहीं. त्याच नियमांप्रमाणें मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरचा दिवा सहा मैलांवरून दिसला पाहिजे. जहाज ताशीं चोवीस मैलांनीं येत असेल आणि बोट सहा मैलांनीं त्याच्या दिशेनें जात असेल, तर दिवा प्रथम दिसल्यापासून गांठ पडेपर्यंत बारा मिनिटें उरतात. स्वयंपाकघरांत जाऊन भाताचा कुकर लावून परत येण्यास तेवढा वेळ लागतो. येणारें जहाज बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेंत सारखें त्याच जागीं दिसत राहिलें आणि मोठें होत गेलें, तर टक्कर ठरलेली आहे, हें ओळखण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं; पण पाहणारा लागतो.

आणि पाहणें हेंच अवघड आहे. इंग्लंडांत नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकानें रडारसमोर बसणाऱ्या सैनिकांचें लक्ष किती वेळ टिकतें, याचे प्रयोग केले आणि १९४८ सालीं ते प्रसिद्ध केले. एक काटा घड्याळासारखा टप्प्याटप्प्यानें पुढें जाई, आणि क्वचित् एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसतांच कळ दाबावयाची, एवढेंच काम. पहिला अर्धा तास संपल्यानंतर उड्या नजरेंतून निसटण्याचें प्रमाण स्पष्टपणें वाढे. सुकाणूं हातांत धरलेल्या माणसाला निदान लाटा जागें ठेवतात. ज्याला नुसतें बसून पाहावयाचें असतें, त्याला जागें ठेवणारें कांहींच नसतें. म्हणून ऑटोपायलट असलेल्या बोटीवर पहारे आंखूड ठेवणें, पहारेकऱ्यानें उभें राहून ठराविक वेळानें चारी दिशांना नजर फिरविणें, आणि दर तासाला वेग, रोख, खोली व स्थान वहींत हातानें लिहिणें, या गोष्टी जुनाट वाटल्या तरी त्यांचें काम पूर्वींपेक्षां आज अधिक आहे.

सुकाणूं यंत्राच्या हातीं देणें सोपें. तें ऐन वेळीं परत घेणें कित्येकदां तितकें सोपें नसतें. १८ मार्च १९६७ च्या सकाळीं ‘टॉरी कॅन्यन’ हें सुमारें एक लाख वीस हजार टन कच्चें तेल घेऊन कुवेतहून येणारें जहाज इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ पोहोंचलें. वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदरांत त्या रात्रीच्या भरतीला शिरावयाचें, नाहीं तर पुन्हा पुरेशी भरती येईपर्यंत कित्येक दिवस थांबावयाचें, म्हणून कप्तानानें सिली बेटांच्या बाहेरून न जातां बेटें आणि सेव्हन स्टोन्स नांवाचे खडक यांमधील जवळची वाट धरली. वाटेंत मासेमारी बोटी व जाळीं होतीं, त्यामुळें वळण घेण्यास उशीर झाला. शेवटीं कप्तानानें चाक पूर्ण फिरविण्याचा हुकूम दिला. खलाशानें चाक फिरविलें, जहाज वळेना. सुकाणूं हातीं घ्यावयाचें कीं यंत्राकडे ठेवावयाचें हें ठरविणारा एक खटका होता, त्याला तिसरीही एक जागा होती, आणि त्या जागीं तो असला म्हणजे चाकाचा सुकाणूशीं संबंधच तुटत असे. खटका त्या तिसऱ्या जागीं होता. हें ध्यानांत येऊन तो सरकवीपर्यंत जीं कांहीं क्षणें गेलीं तीं परत मिळण्यासारखीं नव्हतीं. जहाज खडकावर चढलें, तेल ब्रिटनच्या व फ्रान्सच्या किनाऱ्यांवर पसरलें, आणि अखेर ब्रिटिश विमानांनीं बाँब टाकून उरलेलें तेल जाळण्याचा प्रयत्न केला.

वेगाच्या लोभाची ती कथा आहे, पण खटक्याचीही आहे. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेच्या करारांत आज असा दंडक आहे कीं, गर्दीच्या मार्गावर, धुक्यांत व इतर धोक्याच्या ठिकाणीं सुकाणूं तत्काळ हातीं घेतां आलें पाहिजे. आणि बराच काळ यंत्रावर चालल्यानंतर, तसेंच जपून जावें लागेल अशा भागांत शिरण्यापूर्वीं, हातचें सुकाणूं चालवून पाहिलें पाहिजे. लहान बोटीवर याचा अर्थ अगदीं घरगुती आहे. यंत्र बंद करण्याचें बटण कोणतें, आणि तें न चाललें तर यंत्राचा हात दांड्यावरच्या खिळ्यांतून उचलून काढावयाचा कसा, हें बोटीवरच्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धां, निघण्यापूर्वीं दाखवून ठेवावें. ज्याला तें ठाऊक आहे तोच नेमका पाण्यांत पडण्याचा संभव असतो.

पाण्यांत पडणें ही या विषयांतील सर्वांत भयंकर गोष्ट. हातांत दांडा असलेला माणूस पडला तर बोट बहुधा आपली दिशा सोडते, शिडें फडफडतात, गति मंदावते. यंत्र असलें म्हणजे बोट बिलकूल चळत नाहीं. ताशीं सहा मैलांनीं ती मिनिटाला १८५ मीटर पुढें जाते, पांच मिनिटांत जवळजवळ एक किलोमीटर. लाटांत माणसाचें डोकें त्याच्या कितीतरी आधीं दिसेनासें होतें. म्हणून एकटा माणूस पहाऱ्यावर असतांना कमरेचा पट्टा बोटीच्या दोरीला अडकविल्याखेरीज खोलींतून वर येत नाहीं. वाऱ्याच्या कोनावर बोट धरण्याची सोय कांहीं यंत्रांत असते. तिचाही असाच एक फसवा गुण आहे. रात्रींतून वारा हळूहळू फिरला तर बोटही त्याच्याबरोबर निमूटपणें फिरते, शिडें मात्र तशींच फुगलेलीं दिसतात, आणि झोंपलेल्यांना कूस बदलण्याचेंही कारण मिळत नाहीं.

एकट्यानें समुद्र ओलांडणाऱ्यांना तरीही हा सोबती सोडतां येत नाहीं. १९६० सालीं इंग्लंडाहून अमेरिकेपर्यंत एकेकट्या नाविकांची पहिली शर्यत झाली, तेव्हां ब्लाँडी हॅस्लर व फ्रान्सिस चिचेस्टर यांनीं वाऱ्याच्या पात्यानें सुकाणूं फिरविणारी योजना वापरली. तिला वीज लागत नाहीं. चिचेस्टरनें तर आपल्या यंत्राला ‘मिरांडा’ असें नांवच दिलें होतें. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं ऑगस्ट १९०९ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, ऑगस्ट २००९ मध्यें मुंबई सोडली, आणि चार बंदरें घेत मे २०१० मध्यें ते मुंबईस परत आले; पृथ्वीला एकट्यानें शिडावर प्रदक्षिणा घालणारे ते पहिले भारतीय. शिडांचा काळ संपला असें मानणाऱ्यांसाठीं ही तारीख ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. असा माणूस झोंपतो केव्हां? तुकड्यातुकड्यांनीं, किनाऱ्यापासून व जहाजांच्या वाटांपासून दूर गेल्यावर, उशाशीं घड्याळाचा गजर लावून. टेहळणीच्या नियमाशीं एकट्याच्या झोंपेचा मेळ पुरता बसत नाहीं, हें असे नाविकही जाणतात. किनारा जसजसा जवळ येतो तसतसे ते झोंपेचे तुकडे लहान करीत नेतात, आणि शेवटचे कित्येक तास मुळींच झोंपत नाहींत.

मुंबईहून कोंकणच्या किनाऱ्यानें दक्षिणेकडे जाणाऱ्या हौशी बोटींना तर एवढ्या दूरच्या उदाहरणांची गरज नाहीं. या पाण्यांत रात्रीं मासेमारी होड्या असतात, त्यांतल्या पुष्कळांचे दिवे मिणमिणते असतात, आणि लाकडी होडीची रडारवरील खूण लाटांच्या गर्दींत हरवते. डोल जाळ्यांचे दोर व तरंगणारे पिंप उपग्रहाला दिसत नाहींत आणि नकाशावर छापलेले नसतात. पंख्याला एक दोर गुंडाळला कीं बोट अडकली, आणि ज्याचें जाळें फाटलें त्या कोळ्याचा हंगाम बुडाला. म्हणून जाळ्यांचा पट्टा सुरू झाला कीं वहिवाट अशी आहे: एक जण विजेरी घेऊन नाळेवर उभा राहतो, दुसरा यंत्र बंद करून दांडा हातांत घेतो, गति निम्मी होते, आणि पुढून ‘डावीकडे घ्या’ अशी हांक आली कीं मागून ‘घेतलें’ असें उत्तर जातें.